आराखड्याची किंमत : वॉटच्या इंजिनापासून रुपयाच्या चिन्हापर्यंत

प्रस्तावना

डिझाइनचे काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ग्राहकाचा एक प्रश्न ऐकावा लागतो : "एवढ्याशा कामाचे इतके पैसे?" प्रश्न विचारणारा दर वेळी कंजूष असतो असे नाही. सुताराने केलेल्या टेबलात लाकूड दिसते, गवंड्याच्या भिंतीत विटा मोजता येतात. लोगो, घराचा नकाशा किंवा यंत्राच्या भागाचे रेखाचित्र यांत मात्र कागदापलीकडे हाताला काही लागत नाही. त्यामुळे आपण नेमके कशाचे पैसे देतो आहोत, हे ग्राहकाला कळत नाही. अनेकदा ते काम करणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

आज पदवीचे शिक्षण घेत असतानाच अनेक विद्यार्थी कॅड ड्रॉइंग, वेबसाइट, पॅकिंगचे डिझाइन अशी कामे स्वतंत्रपणे घेतात. "किती रुपये सांगू?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. या पाठात त्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. आकडा किती असावा, याचे उत्तर इतिहासात सापडणार नाही. आकड्याच्या आधी येणारी एक गोष्ट मात्र सापडेल, ती म्हणजे मोबदला कशाच्या मापाने मोजायचा. वेळ, खर्च, बचत, अधिकार यांपैकी जे माप निवडले जाते, त्यावरून जोखीम कोणावर पडणार आणि भांडण कुठे होणार हे बरेचसे ठरून जाते.

१. दिवसाची मजुरी आणि तिची अडचण

आराखडा करणारा आणि वस्तू घडवणारा हे फार काळ एकच होते. मंदिर, चर्च किंवा किल्ला बांधणारा मुख्य कारागीर आराखडाही करी आणि कामावर देखरेखही करी. त्याचा मोबदला साधारणपणे दिवसाच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने ठरे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये कालवे, पूल आणि गिरण्या यांची कामे वाढली आणि केवळ सल्ला व आराखडे देणारा अभियंता हा वेगळा व्यावसायिक तयार झाला. तोही सुरुवातीला दिवसाच्या दरानेच काम करी. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर जगायला सुरुवात करण्यापूर्वी स्कॉटलंडमध्ये कालव्यांची सर्वेक्षणे केली होती. मंकलँड कालवा हे त्यातले एक काम.

दिवसाचा दर समजायला सोपा असतो. त्यात एक विसंगती मात्र आहे. जो माणूस वीस वर्षांच्या अनुभवाने एखादा प्रश्न एका दिवसात सोडवतो त्याला एका दिवसाचे पैसे मिळतात आणि जो चाचपडत दहा दिवस लावतो त्याला दहा दिवसांचे. ग्राहकाच्या मनातही शंका राहते की काम मुद्दाम लांबवले जात नाही ना. या दोन अडचणींमुळे पुढच्या पिढ्यांनी वेगळी मापे शोधली. त्यांपैकी सर्वांत धाडसी माप वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी वापरले.

२. बोल्टन आणि वॉट : बचतीचा तिसरा हिस्सा

खाणीतले पाणी उपसण्यासाठी न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून वापरात होते. त्याच्या सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि तिथेच थंड पाणी फवारून ती द्रवरूप करायची, अशी रीत होती. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर थंड होई, पुन्हा तापवावा लागे आणि कोळसा वाया जाई. वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना वॉटला १७६५ मध्ये सुचली. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली. त्याच वर्षी बोल्टन आणि वॉट यांची भागीदारी सुरू झाली.

ही पेढी त्या काळी पूर्ण इंजिन तयार करून विकत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. ती रेखाचित्रे देई, झडपांसारखे काही नाजूक भाग पुरवी आणि जुळणीसाठी माणूस पाठवी. सिलिंडर मुख्यतः जॉन विल्किन्सनच्या कारखान्यातून येई, कारण इतके अचूक छिद्रण तिथेच होत असे. बाकीचे सामान, इमारत आणि मजुरी यांचा खर्च खाणमालक स्वतः करी. म्हणजे पेढीची खरी विक्री डिझाइनचीच होती.

त्या डिझाइनची किंमत ठरवताना पेढीने रेखाचित्रांचे तास मोजले नाहीत. तिने मालकांपुढे असा प्रस्ताव ठेवला : तेवढेच पाणी उपसायला जुन्या इंजिनाला किती कोळसा लागला असता आणि नव्याला किती लागतो, हे पाहायचे. जी बचत होईल तिच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा पेटंटची मुदत संपेपर्यंत पेढीला द्यायचा आणि दोन तृतीयांश मालकाने ठेवायचा. बचत झाली नाही तर हिस्साही नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या इंजिनाला वर्षाला ९०० पौंडांचा कोळसा लागत असेल आणि नव्याला ३०० पौंडांचा, तर बचत ६०० पौंडांची. त्यातले २०० पौंड पेढीचे आणि ४०० मालकाचे. आता हेच इंजिन अशा ठिकाणी बसवले की जिथे कोळसा दहापट स्वस्त आहे. तिथे बचत ६० पौंडांची आणि पेढीचा हिस्सा २० पौंडांचा. रेखाचित्र तेच, मेहनत तीच, पण मोबदल्यात दहापट फरक.

प्रत्यक्षातही असेच घडले. कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या, पण कोळसा नव्हता. तो वेल्समधून जहाजाने येई आणि महाग पडे. म्हणून वॉटच्या पंपिंग इंजिनाला सर्वाधिक मागणी तिथून आली. उलट कोळशाच्या खाणींवर इंधन जवळपास फुकटच होते. तिथे अनेक मालकांनी न्यूकोमेनची जुनी इंजिने पुढेही चालू ठेवली. डिझाइनची किंमत डिझाइनमध्ये नसून ते वापरणाऱ्याच्या गरजेत असते, हे या पेढीच्या वहीत स्पष्ट दिसते.

३. कॉर्नवॉलमधील हिशेब आणि भांडण

कल्पना न्याय्य होती, पण तिच्यात एक कठीण प्रश्न दडला होता. नवे इंजिन बसले की जुने काढून टाकले जाई. मग "जुन्याला किती कोळसा लागला असता" हे मोजायचे कसे? त्यासाठी पोल्डाइस खाणीतल्या जुन्या इंजिनांची चाचणी घेऊन तुलनेचा पाया ठरवण्यात आला. नव्या इंजिनाचे फेरे मोजण्यासाठी त्याच्या तुळईवर कुलूपबंद गणकयंत्र बसवले गेले. फेऱ्यांची संख्या आणि दर फेऱ्यामागची बचत यांवरून बिल तयार होई. कोणालाही आकडा बदलता येऊ नये, म्हणून कुलूप.

पहिली काही वर्षे मालक खूश होते. नंतर तक्रारी सुरू झाल्या आणि त्यांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिन बसवण्यापूर्वी मालकाला दोन तृतीयांश बचत दिसत होती. बसवल्यानंतर जुन्या इंजिनाची आठवण पुसट झाली आणि दर महिन्याला बाहेर जाणारी रक्कम तेवढी दिसू लागली. त्यातच वेल्सजवळच्या अँगल्सी बेटावरच्या पॅरिस खाणीतून स्वस्त तांबे बाजारात आले आणि भाव घसरले. खाण तोट्यात असली तरी कोळशाची बचत होतच होती, म्हणून हिस्सा द्यावाच लागे. मालकांनी सवलत मागितली. काही ठिकाणी फेऱ्यांचा हिशेब सोडून ठरावीक रक्कम घेण्याचा तोडगा निघाला. संबंध टिकावेत म्हणून बोल्टन आणि वॉट यांनी काही खाणींमध्ये स्वतःही भाग घेतले.

शेवटी काही मालकांनी पैसे देणे थांबवले आणि एडवर्ड बुल, जोनाथन हॉर्नब्लोअर अशा इतर अभियंत्यांकडे ते वळले. प्रकरण न्यायालयात गेले. बुलविरुद्धच्या खटल्यात १७९५ मध्ये न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेली. १७९९ मध्ये दुसऱ्या खटल्यात निकाल बोल्टन आणि वॉट यांच्या बाजूने लागला आणि थकलेल्या रकमांची वसुली सुरू झाली. पुढच्याच वर्षी पेटंट संपले.

या कथेत पेढी फसवी होती किंवा मालक कृतघ्न होते, असे म्हणून भागत नाही. बचतीवर आधारलेल्या मोबदल्यात दोन गोष्टी लागतात : तुलनेचा मान्य पाया आणि दोघांनाही विश्वास वाटेल असे मोजमाप. या दोन्ही गोष्टी पेढीने केल्या होत्या. तिसरी गोष्ट राहिली. परिस्थिती बदलली तर काय करायचे, हे आधी ठरलेले नव्हते. म्हणून प्रत्येक सवलत भांडून मिळवावी लागली.

४. घोड्याच्या हिशेबाने

१७८० च्या दशकात वॉटने चाक फिरवणारी इंजिने तयार केली. त्यांचे ग्राहक कापड गिरण्या, मद्याचे कारखाने आणि पीठगिरण्या हे होते. इथे बचतीचे जुने माप चालेना. या ग्राहकांकडे न्यूकोमेनचे इंजिन नव्हतेच. त्यांच्याकडे घोडे होते.

तेव्हा पेढीने ग्राहकाला कळेल असे माप घेतले. घोड्याशी तुलना करण्याची कल्पना जुनीच होती, वॉटने तिला निश्चित आकडा दिला. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम. इंजिनाच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला ५ पौंड, आणि लंडनमध्ये ६ पौंड, असा दर ठरला.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आपण अश्वशक्ती हे एकक शिकतो तेव्हा त्याचा संबंध बिलाशी आहे हे सहसा सांगितले जात नाही. ग्राहकाशी पैशांची बोलणी सोपी व्हावीत, म्हणून हे एकक रूढ झाले. "माझे इंजिन उत्तम आहे" असे सांगण्यापेक्षा "हे तुमच्या दहा घोड्यांचे काम करील" असे सांगितले की व्यवहार त्याच्या भाषेत येतो. कॉर्नवॉलमधल्या हिशेबापेक्षा हा दर सोपा होता. दर महिन्याला गणकयंत्र वाचायची गरज नव्हती आणि वर्षाची रक्कम दोघांनाही आधी माहीत असे.

५. टक्केवारी : वास्तुविशारदांची रीत

इमारतींच्या व्यवसायात वेगळे माप रुजले, ते एकूण खर्चाच्या टक्केवारीचे. ब्रिटनमध्ये ५ टक्के हा आकडा अठराव्या शतकापासून प्रचलित होता आणि १८६२ मध्ये तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने दरपत्रक प्रसिद्ध केले. भारतातही वास्तुविशारदांच्या क्षेत्रात ही रीत परिचित आहे.

टक्केवारीचा फायदा असा की काम मोठे तसा मोबदला मोठा, वेगळी घासाघीस लागत नाही. तोटाही तितकाच उघड आहे. १ कोटीच्या इमारतीवर ५ टक्क्यांनी ५ लाख मिळतात. खर्च वाढून १ कोटी ४० लाख झाला तर ७ लाख. म्हणजे खर्च आटोक्यात ठेवणाऱ्याला कमी आणि वाढवणाऱ्याला जास्त. बहुतेक वास्तुविशारद या मोहाला बळी पडत नाहीत, पण ग्राहकाच्या मनात शंका राहते. वॉटच्या पद्धतीत ग्राहकाचा आणि डिझायनरचा फायदा एकाच दिशेला होता, टक्केवारीत तो उलट दिशांना जाऊ शकतो. सर्वांचा एकच दर असल्यामुळे स्पर्धा उरत नाही, हाही आक्षेप आला. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये हे दर सक्तीचे राहिले नाहीत.

६. चंदीगड : बजेट आधी, आराखडा नंतर

स्वतंत्र भारतातले एक मोठे उदाहरण चंदीगडचे आहे. फाळणीत लाहोर गेल्यावर पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी होती. आराखड्याचे पहिले काम अमेरिकेतील अल्बर्ट मेयर यांना देण्यात आले. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या वास्तुविशारदांच्या शोधात युरोपला गेले. नव्या देशाकडे परकीय चलन कमी होते, डॉलर तर फारच कमी. त्यामुळे बोलणी पैशांच्या मर्यादेतच करायची होती.

ल कॉर्बुझिए पॅरिस सोडून भारतात राहायला तयार नव्हते. तेव्हा करार दोन भागांत बसवला गेला. ल कॉर्बुझिए सल्लागार म्हणून वर्षातून ठरावीक काळ येणार, त्यासाठी वार्षिक २,००० पौंड आणि ते स्वतः ज्या इमारतींचे डिझाइन करतील त्यांच्या खर्चावर ४ टक्के. पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे तिघे मात्र तिथे राहून काम करणार आणि त्यांना वार्षिक ३,००० पौंड पगार. सल्ल्याला ठरावीक रक्कम, मोठ्या इमारतींना टक्केवारी आणि रोजच्या कामाला पगार. एकाच प्रकल्पात कामाच्या स्वरूपाप्रमाणे तीन मापे वापरली गेली.

सरकारी घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मंत्र्यापासून शिपायापर्यंत घरांचे वर्ग पाडले गेले आणि प्रत्येक वर्गाला खर्चाची मर्यादा आधीच दिली गेली. फ्राय, ड्रू, जानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्या मर्यादेतच विटांची साधी, हवेशीर घरे बसवली. ग्राहकाने बजेट लपवले नाही, त्यामुळे ते डिझाइनच्या अटींपैकी एक अट बनले, जशी जमीन किंवा हवामान असते.

७. ३५ डॉलर आणि १,००,००० डॉलर

विसाव्या शतकात ग्राफिक डिझाइनचा स्वतंत्र व्यवसाय वाढला. त्यातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

१९७१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलँड स्टेट विद्यापीठातील विद्यार्थिनी कॅरोलिन डेव्हिडसन हिने बुटांच्या एका छोट्या कंपनीसाठी चिन्ह काढले. कंपनीचे संस्थापक फिल नाइट त्या विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवत आणि तासाला २ डॉलर दराने तिला किरकोळ कामे देत. चिन्हाचे बिल झाले ३५ डॉलर. ती कंपनी म्हणजे आजची नायकी. १९८३ मध्ये कंपनीने तिला त्या चिन्हाची अंगठी आणि कंपनीचे ५०० शेअर दिले.

१९८६ मध्ये पॉल रँड यांनी स्टीव्ह जॉब्झ यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी लोगो केला आणि १,००,००० डॉलर घेतले. जॉब्झ यांनी अनेक पर्याय मागितले तेव्हा रँड यांनी नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन आणि तुम्ही मला पैसे द्याल, उत्तर वापरायचे की नाही ते तुम्ही ठरवा, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते, असे जॉब्झ यांनी पुढे सांगितले. उत्तर एकच होते. ते कसे आले याचे विवेचन करणारी पुस्तिका मात्र त्यासोबत होती.

पहिल्या उदाहरणात अन्याय झाला, असे आपण पटकन म्हणतो. पण १९७१ मध्ये ती कंपनी लहान होती आणि तिचे पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. दराचा आकडा लहान होता हे खरे, पण मूळ अडचण मापात होती. तासांनी मोजलेल्या बिलात चिन्ह पुढे किती काळ आणि किती वस्तूंवर वापरले जाणार, याला जागाच नव्हती. १९८३ मध्ये दिलेले शेअर म्हणजे तीच जागा बारा वर्षांनी भरून काढणे होते, आणि तेही कंपनीच्या इच्छेने. रँड यांनी घेतलेला मोबदला तासांचा नव्हता. त्यात तीसहून अधिक वर्षांचा अनुभव होता, आयबीएमसारख्या कंपनीचा लोगो केल्याची पत होती आणि एका निर्णयाची जबाबदारी होती. शिवाय उत्तर आवडले नाही तरी पैसे द्यायचे हे आधीच स्पष्ट केलेले होते.

८. स्पर्धा : रुपयाचे चिन्ह

मोबदल्याची आणखी एक पद्धत म्हणजे स्पर्धा. भारत सरकारने २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. अंतिम फेरीतील पाच जणांना प्रत्येकी २५,००० रुपये आणि विजेत्याला २.५ लाख रुपये अशी बक्षिसे होती. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात संशोधन करणारे डी. उदय कुमार यांचे चिन्ह निवडले गेले आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने ते स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन लिपीतील 'आर' यांचा मेळ घालणारे ते चिन्ह आज प्रत्येक पावतीवर आहे.

आता हिशेब करून पाहा. बक्षिसांची रक्कम पावणेचार लाख धरली आणि प्रवेशिका तीन हजार, तर एका प्रवेशिकेमागे सरासरी १२५ रुपये येतात. राष्ट्राच्या चलनाचे चिन्ह काढण्यात पैशापेक्षा मानाचा भाग मोठा असतो, म्हणून इतक्या जणांनी आनंदाने भाग घेतला. पण एखादा खाजगी ग्राहक "पाच जणांकडून नमुने मागवतो, आवडेल त्याला पैसे देतो" असे म्हणतो तेव्हा माप हेच असते आणि मान मात्र नसतो. अशा व्यवहारात सगळी जोखीम डिझायनरवर जाते. काम आवडले नाही तर गेलेले दिवस त्याचेच.

९. निष्कर्ष

या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या इतिहासात कोणतेही माप सर्व कामांना पुरले नाही. दिवसाचा दर अनुभवाला शिक्षा करतो, टक्केवारी काटकसरीला, बचतीचा हिस्सा मोजमापाच्या भांडणात अडकतो आणि स्पर्धेत हरणाऱ्याच्या हाती काही येत नाही. तरीही प्रत्येक माप कुठेतरी योग्य ठरले. कामाची व्याप्ती आधी सांगता येत नसेल तेव्हा तासाचा दर ठीक. व्याप्ती स्पष्ट असेल तर ठरावीक रक्कम. ग्राहकाला होणारा फायदा मोजता येत असेल तर त्यातला हिस्सा. डिझाइन दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर वापरले जाणार असेल तर वापराच्या अधिकाराचा वेगळा मोबदला.

म्हणून ग्राहकाशी पहिल्या बैठकीत आकडा सांगण्याआधी पुढील गोष्टी बोलून, शक्यतो लिहून, ठरवाव्यात. या कामातून तुम्हाला नेमके काय हवे आहे? त्यासाठी तुम्ही किती रक्कम बाजूला ठेवली आहे? मोबदला कशाच्या मापाने मोजायचा आणि मोजणार कोण? बदल किती वेळा करून मिळतील? काम मध्येच थांबले किंवा परिस्थिती बदलली तर काय? यातला शेवटचा प्रश्न कॉर्नवॉलमध्ये विचारायचा राहिला होता आणि त्याचे उत्तर मिळायला १७९९ साल उजाडले.

बजेट विचारणे हा उद्धटपणा नाही आणि सांगणे हा कमीपणा नाही. चंदीगडच्या घरांप्रमाणे मर्यादा कळली की तिच्यात बसणारे उत्तर शोधता येते. न कळली तर डिझायनर अंदाजाने आकडा सांगतो, ग्राहक अंदाजाने तो कापतो आणि दोघांनाही आपण फसलो असे वाटत राहते.

स्वाध्याय

१. कोळशाच्या खाणींवर वॉटचे पंपिंग इंजिन कमी प्रमाणात का स्वीकारले गेले? मोबदल्याच्या पद्धतीच्या आधारे स्पष्ट करा.

२. बचतीवर आधारित मोबदला आणि खर्चाच्या टक्केवारीचा मोबदला यांत ग्राहक आणि डिझायनर यांचे हित कसे जुळते किंवा विरोधात जाते, याची तुलना करा.

३. तुमच्या गावातील एका पिठाच्या गिरणीसाठी वीजबिल कमी करणारी सुधारणा तुम्ही सुचवली आहे, असे समजा. तुमचा मोबदला कोणत्या मापाने ठरवाल? तुलनेचा पाया आणि मोजमापाची रीत लिहा. गिरणीचे दळण निम्म्यावर आले तर काय करायचे, याची अटही त्यात घाला.